खडीसाखरेची बरणी

अंकिता घरतवर माझा संशय बसला तो एका शब्दावरून. मी प्रयोगशाळेत शिरले, तिनं घाईघाईनं फोनवर "च्यूस" म्हटलं आणि फोन ॲप्रनच्या खिशात टाकला. जर्मनीत निरोप घेताना हा शब्द म्हणतात. तिथून परत येऊन मला तीसेक वर्षं झाली, पण तो शब्द कानावर पडला की माझी मान अजून आखडते.

"कोणाशी बोलत होतीस?"

"मैत्रीण होती, मॅडम."

मैत्रीण! पनवेलच्या पोरींना आता जर्मन बोलणाऱ्या मैत्रिणी असतात, छान आहे. खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि त्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवायला लागले.

मी माधुरी भोईर. मिठात जगणाऱ्या जिवाणूंवर काम करते. पनवेलच्या एका कॉलेजात मागच्या अंगाला मला दोन खोल्या दिल्यात, एकीत यंत्रं आणि दुसरीत फ्रीझर. निवृत्त झाले तरी मी खोल्या सोडत नाही, त्यामुळे प्राचार्य कमलाकर सर मला बघून जरा थकल्यासारखे दिसतात. त्यांनी थकावं. त्या फ्रीझरला सोडून मी कुठे जाणार नाही.

माझे बाबा, गोमा भोईर, जन्मभर मिठागरावर राबले. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं आणि उन्हात आटू द्यायचं. आटत आटत आलं की ते पाणी गुलाबी व्हायचं. "पानी रंगलं," बाबा म्हणायचे, म्हणजे आता मीठ धरणार. तो रंग कशाचा, एवढं विचारत विचारत माझं आयुष्य गेलं. रंग जिवाणूंचा असतो. जिथं दुसरं काही जगत नाही तिथं ते मजेत जगतात, मिठाच्या खड्यात अडकले तरी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. बाबा गेले, मिठागर विमानतळाच्या भरावाखाली गेलं. त्या वाफ्यांतला जीव आता फक्त माझ्या फ्रीझरमध्ये आहे, बोटाएवढ्या नळ्यांत. त्या नळ्या दुसऱ्याच्या हातात गेल्या तर बाबांचं आगर दुसऱ्यांदा गेलं, असं मी समजते. म्हणून मी त्या कुणालाच देत नाही. मागायला मोठमोठे लोक आले, गोड बोलले, चहा पिऊन गेले.

अंकिताला मात्र त्या खोलीची किल्ली दिली होती. ती उरणकडच्या गावातली, आजोबा मिठागरावरचेच. पीएचडी माझ्याकडे केली, आता कॉलेजात तासही घेत होती. कामाला वाघ आणि बोलायला गोड. खरं सांगायचं तर माझा तिच्यावर जीव होता. माझी थोरली वहिनी, भामावहिनी, रोज माझ्याबरोबर तिचाही स्टीलचा डबा द्यायची. तांदळाची भाकरी, जवळा, कधी वालाचं बिरडं. संध्याकाळी डबा अंकिताबरोबर घरी जायचा आणि सकाळी परत यायचा तो कधी रिकामा नाही. शेवग्याच्या चार शेंगा असायच्या, मूठभर चिंचा असायच्या, काहीच नसलं तर तळाशी चिमूटभर साखर. दुसऱ्याच्या घरचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही.

तर त्या "च्यूस"नंतर आठवड्याभरानं ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, मला पोस्टडॉक मिळालं. जर्मनीत."

"जर्मनीत कुठे?"

तिनं गावाचं नाव सांगितलं. तेच गाव. ती ज्यांच्याकडे चालली होती ते गृहस्थ माझ्या जुन्या प्रोफेसरांचे विद्यार्थी होते. मी "अभिनंदन" म्हटलं. तोंडानं म्हटलं.

"मला सांगितलं नाहीस आधी," मी म्हणाले.

"नक्की होईपर्यंत सांगायचं नव्हतं. तुम्हाला सरप्राइज."

सरप्राइज तर खरंच दिलं तिनं.

आता त्या गावाचं सांगते. मी तिथे गेले तेव्हा माझ्या गावातली एकही बाई विमानात बसली नव्हती. उत्तर जर्मनी, सदा ढगाळ, आणि चहाचे भलते शौकीन लोक. चहात साखर घालत नाहीत, खडीसाखरेचे मोठे खडे घालतात. माझ्याकडची साखर संपली तेव्हा प्रयोगशाळेतल्या उर्सुलानं मला तिची खडीसाखरेची बरणीच देऊन टाकली. संपली की परत दे, म्हणाली. बरणी संपली. आता परत करायची तर रिकामी कशी करणार? माझ्याजवळ घरून आणलेलं एकच होतं, बाबांनी फडक्यात बांधून दिलेलं आगरातलं मीठ. जाडं, खडे खडे, करडं पांढरं. मी बरणी काठोकाठ भरली आणि फडताळात तिच्या जागी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रोफेसर क्लाउसेन यांनी चहात दोन खडे टाकले.

पुढे काय झालं ते मी प्रत्येक भाषणात सांगते. प्रोफेसर चहा थुंकले. बरणीवर चिठ्ठी नाही, आत अनोळखी पदार्थ, म्हणून सुरक्षा अधिकारी हातमोजे घालून आला. मला खोलीत बोलावून विचारलं, यात कोणी काय टाकलं, कशासाठी टाकलं? मी म्हटलं, भांडं रिकामं द्यायचं नसतं. ते एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी प्रोफेसर म्हणाले, "इथे भांडं धुऊन, पुसून, रिकामं परत करतात." इथपर्यंत आले की सभागृह हसतं. अंकितानं ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल कोण जाणे, आणि दर वेळी ती सगळ्यांच्या आधी हसायची.

गोष्टीचा पुढचा अर्धा भाग मी कुणाला सांगत नाही. ती बरणी त्यांनी फेकली नाही. उर्सुलानं ते मीठ पाण्यात विरघळवलं आणि त्यातून काहीतरी गुलाबी उगवलं. मला कुणी सांगितलं नाही. एका सकाळी जिन्यापाशी सूचनाफलकावर नवा शोधनिबंध लागलेला दिसला, वर प्रोफेसरांचं आणि उर्सुलाचं नाव. मी फलकासमोर उभी राहून सगळा वाचला. अगदी तळाशी, बारीक अक्षरात, माझे आभार मानले होते. मिठाबद्दल. जणू मी वाण्याकडून पुडी बांधून आणली होती! मी तक्रार केली नाही. कोणाकडे करणार? त्या खोलीत ज्यांनी मला विचारलं होतं, त्यांच्याचकडे? पण तिथून पुढे मी माझ्या खणाला कुलूप लावलं, दिलेली वस्तू लगेच मागून घ्यायला शिकले, आणि घेतलेलं भांडं धुऊन, पुसून, रिकामं परत करायला शिकले. परत आले ती असला स्वभाव बरोबर घेऊनच.

तर आता त्याच गावी मी किल्ली दिलेली पोरगी चालली होती. सांगा, मी काय समजायचं?

मग सगळंच दिसायला लागलं. अंकिता फ्रीझरच्या खोलीत जास्त वेळ राहते. अंकिता कुणाशी तरी बोलते आणि मी आले की हळू बोलते. एकदा मी आत गेले तर फ्रीझरच्या झाकणावरचं दंव पुसलेलं. "कोणी पुसलं?" "मी, मॅडम, झाकण नीट बसत नव्हतं." उत्तर तयार होतं. ज्याचं उत्तर तयार असतं त्यानं प्रश्नाची वाट बघितलेली असते.

आणि मग तिनं पेटी मागितली.

नळ्या ठेवायला आमच्याकडे पुठ्ठ्याच्या पेट्या असतात, आत चौकोनी घरं पाडलेल्या. "मॅडम, एक रिकामी पेटी देता? माझे शेवटचे नमुने हलवायचेत. परत देते." मी पेटी दिली. देताना तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ती माझ्याकडे न बघता पेटीकडे बघत होती, आणि गालातल्या गालात हसत होती. ते हसू मी लक्षात ठेवलं.

त्याच रविवारी घरी आणखी एक झालं. दुपारी दारात भामावहिनीच्या चपला होत्या, पार चिखलात बुडवल्यासारख्या. काळा, चिकट, खाडीकाठच्या खाजणातला चिखल. तो मी जन्मभर ओळखते.

"वहिनी, कुठे गेला होतात?"

"देवलात."

"कुठल्या देवळात खाजण आहे?"

"तुला कं करायचं हाय? जेवून घे गो बाय," वहिनी म्हणाली आणि आत जाऊन भांडी वाजवायला लागली. वहिनीला खोटं बोलता येत नाही, भांडी वाजवता येतात. म्हणजे घरातही काहीतरी शिजत होतं. मी जेवले, पण लक्ष दारातल्या चपलांकडे होतं.

बुधवारी पेटी परत आली. अंकितानं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि वर्गावर गेली. मी झाकण उघडलं. सगळी घरं रिकामी, आणि मधल्या घरात एक नळी.

नळीवर लेबल नव्हतं. आत ओलसर मिठाचा खडा होता, फिकट गुलाबी.

मी फ्रीझरच्या खोलीत गेले, दार लावलं आणि बाबांच्या आगरातल्या नळ्या एकेक करून काढल्या. सगळ्या होत्या. सगळ्या जागच्या जागी, सगळ्यांवर माझं अक्षर. दुसरी कोणी असती तर इथे थांबली असती. मी म्हटलं, नळी नेलेली नाही म्हणजे त्यातलं नेलंय. थोडं काढून वाढवायचं, एक नळी स्वतःकडे ठेवायची, आणि ही चुकून पेटीत राहिली. लेबल लावलं नाही, कारण नाव तिकडे गेल्यावर लागणार. मिठाबद्दल आभार!

माझं डोकं तापलं की मी थांबत नाही. तिला विचारायला हवं होतं, हे आता कुणीही सांगेल. तिला न विचारता मी थेट कमलाकर सरांकडे गेले. म्हटलं, माझ्या संग्रहातला नमुना बाहेर चाललाय, मुलगी परदेशी निघालीय, तिची बॅग तपासा. सर म्हणाले, "मॅडम, अंकिता? अहो, आपली अंकिता?" मी म्हटलं, "आपलं कोणी नसतं, सर."

तिला वर्गातून बोलावलं. सरांच्या खोलीत आणखी दोन प्राध्यापक बसले होते, ते उठले नाहीत. सरांनी अवघडून तिला बॅग टेबलावर ठेवायला सांगितलं. अंकिता आधी सरांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर पळस्प्याच्या बाजूला ट्रकांची रांग लागली होती, ती बघत उभी राहिले. मागे एकेक वस्तू टेबलावर ठेवल्याचा आवाज येत होता. पाण्याची बाटली. छत्री. जर्मन शब्दांची कार्डं. मग स्टीलचा आवाज आला आणि मी वळले.

सरांच्या हातात आमचा डबा होता. त्यांनी झाकण काढलं. आत पिकलेले पेरू होते.

"हे?" सर म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

"मॅडमचा डबा आहे," अंकिता म्हणाली. "परत द्यायचा होता."

मी ती नळी टेबलावर ठेवली. "आणि ही? ही कुठली? माझ्या फ्रीझरमधली ना?"

तिनं नळीकडे बघितलं. तिला समजायला वेळ लागला. मला वाटलं आता रडेल, पण ती रडली नाही. तिचा आवाज मात्र एकदम बारीक झाला.

"मॅडम, पेटी रिकामी कशी परत देऊ? तुम्हीच सांगता ना ती खडीसाखरेची गोष्ट."

सरांनी हातातलं झाकण टेबलावर ठेवलं.

"भामाकाकूंना घेऊन गेले होते रविवारी," ती म्हणाली. "भरावाच्या भिंतीला लागून एक पट्टी राहिलीय. त्यांनी बांध ओळखला, तुमच्या बाबांचाच आहे. तिथे खड्ड्यात पाणी साठून मीठ धरलंय. गुलाबी झालंय, मॅडम. मी म्हटलं तुम्हाला दाखवायचं. जायच्या आधी तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं."

"लेबल का नाही लावलं?" मी विचारलं. अजूनही विचारलं. जीभ आपोआप चालत होती.

"नाव तुम्ही लिहायचं होतं."

कमलाकर सरांनी पेरू परत डब्यात ठेवले, एकेक करून, फार काळजीनं. कोणीतरी खोकलं. अंकिता बॅग भरता भरता बोलत होती, माझ्याशी किंवा कुणाशीच नाही. फोनवरची मैत्रीण म्हणजे कळंबोलीची रंजिता, दोघी एकाच जर्मनच्या क्लासला जातात. आणि तिला जर्मनीत काम मिळालं होतं ते समुद्री शेवाळावर. माझ्या जिवाणूंशी त्याचा काही संबंध नव्हता. कशावर काम करणार, हे मी तिला विचारलंच नव्हतं. गावाचं नाव ऐकलं आणि पुढचं सगळं मीच रचलं होतं.

डबा तिनं परत बॅगेत घातला. मला दिला नाही. "विचारलं असतं तर सांगितलं असतं, मॅडम," एवढंच म्हणाली आणि गेली. फ्रीझरच्या खोलीची किल्ली तिनं सरांच्या टेबलावर ठेवली होती.

घरी भामावहिनीला मी स्वतः सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"तुझं डोकं फिरलंय का गो? ती पोर भर उनाची मना हाताला धरून खाजनात फिरली. तुझ्या बापाचा बांध शोधीत. काकू, मॅडमना सांगू नको, त्यांना रडाया येल, असं म्हनत होती. आन तू तिची पिशवी उघडलीस? चार लोकांत?"

"मला वाटलं..."

"तुला नेमी वाटतंच."

मी रडले. वहिनीसमोर, तांदळाच्या सुपाशेजारी बसून. जर्मनीत त्या खोलीतून बाहेर आले होते तेव्हाही अशीच रडले होते, मोरीत नळ सोडून. तेव्हा मला वाटलं होतं की असला प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारणार नाही.

दोन-चार दिवसांनी अंकिता डबा न आणता नुसतं हजेरीचं काम उरकायला कॉलेजात आली. मी तिला जिन्यात गाठलं. "माझं चुकलं," मी म्हणाले. हे दोन शब्द मी क्वचित वापरते, त्यामुळे ते नीट निघाले नाहीत. मग म्हटलं, "तुला बाबांच्या आगरातली एक नळी देते. रीतसर परवानगी काढून देते. तिकडे तुझ्या नावानं ठेव."

"नको, मॅडम," ती म्हणाली. "थँक यू." आणि अगदी नम्रपणे माझ्या बाजूनं वाट काढून खाली उतरली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या नळीतला खडा मी खारट पाण्यात सोडला होता. पाणी हळूहळू रंगलं. असा रंग मी बाबांच्या वाफ्यानंतर बघितला नव्हता. मी त्याच्या नव्या नळ्या भरल्या, फ्रीझरमध्ये वेगळी जागा केली, आणि लेबल लिहायला पेन घेतलं. काही लिहिता आलं नाही. त्या नळ्या तशाच कोऱ्या आहेत.

ती निघायच्या आदल्या दिवशी मी रव्याचे लाडू केले. मला लाडू वळता येत नाहीत, अर्धे फुटले, ते वहिनीनं पुन्हा बांधले. तिचा नेहमीचा डबा अजून तिच्याकडेच होता, म्हणून दुसरा घेतला, बाबा आगरावर न्यायचे तो, झाकणाला पोचा असलेला. वहिनी स्वतः रिक्षानं गेली आणि तिच्या घरी देऊन आली. आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? "घेतला," वहिनी म्हणाली. मला तेवढं पुरलं. रात्री मला चांगली झोप लागली.

अंकिता गेली. काही दिवसांनी तिचा भाऊ प्रितेश मोटारसायकलवरून आमच्या दारात आला, दोन्ही डबे पिशवीत. "ताईनं द्यायला सांगितलेत," म्हणाला. चहाला थांबला नाही. वहिनी हात पुसत बाहेर आली आणि तिनंच डबे उघडले, कारण मी उघडत नव्हते. आधी स्टीलचा उघडला. मग बाबांचा.

वहिनीनं बाबांचा डबा उजेडाकडे धरून आत बघितलं. बोट फिरवलं. तळाशी साखरेचा एक कण नव्हता.

"दोनी रिकामे," ती म्हणाली. तिला खरंच समजत नव्हतं. "त्यांच्या घरात असं कवा करीत नाय. पोर जायाच्या आधीच तिकडची रीत शिकली का काय?"

"तिकडे नाही, वहिनी," मी म्हणाले. "माझ्याकडे शिकली."

मी डबा तिच्या हातातून घेतला. धुतलेला होता, पुसलेला होता. कुठे पाण्याचा थेंबही राहिला नव्हता.